‘रिफ्यूट’भोवतीचा हिरवा गोल

निबंध परत मिळाला तेव्हा पानभर शेरे नव्हते. एकाच शब्दाभोवती हिरव्या पेन्सिलीचा गोल होता आणि समासात छोटासा प्रश्न: ‘डिड दे?’ म्हणजे, खरंच का?

तो शब्द होता ‘रिफ्यूटेड’. ब्रिटनमध्ये पत्रकारितेचं एमए करायला जाऊन मला जेमतेम महिना झाला होता. मी लिहिलं होतं की फोन हॅकिंगचे, म्हणजे बातम्यांसाठी लोकांच्या फोनवरचे निरोप चोरून ऐकल्याचे आरोप ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या ब्रिटिश साप्ताहिकाच्या मालक कंपनीने कित्येक वर्षं ‘रिफ्यूट’ केले. मला म्हणायचं होतं ‘फेटाळले’. पण ‘रिफ्यूट’ म्हणजे पुराव्यानिशी खोडून काढणं. 2007 मध्ये एक बातमीदार आणि एक खासगी गुप्तहेर तुरुंगात गेले, त्यानंतरही कंपनी सांगत राहिली की हा एकट्यादुकट्याचा उद्योग. 2011 मध्ये ते पितळ उघडं पडलं आणि 168 वर्षांचं ते साप्ताहिक 10 जुलैचा अंक काढून कायमचं बंद झालं. थोडक्यात, ज्या कंपनीवर मी पुढे दोन पानं टीका केली, तिला आधी स्वतःच एका क्रियापदात निर्दोष सोडून बसले होते.

हल्ली काही कोशांत ‘रिफ्यूट’चा ‘इन्कार करणे’ असाही अर्थ सापडतो. तरीही वर्तमानपत्राच्या डेस्कवर किंवा परीक्षकासमोर त्या आधारावर भांडू नका. ‘डिनाय’ लिहा आणि सुटा.

लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. जाण्याआधी चार वर्षं मी पुण्यात एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. ‘आरोप फेटाळला’ आणि ‘आरोप खोडून काढला’ यातला फरक मला रात्री दोन वाजता झोपेतही कळला असता. नवीन असताना एकदा मी ‘पतीने पत्नीचा खून केला’ असं हेडिंग दिलं होतं. आमच्या वरिष्ठांनी पान हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “अगं, तू बघायला होतीस का तिथे?” मग ‘खून केल्याचा आरोप’ आला, हेडिंग एका ओळीत बसेना, आणि ते बसवता बसवता पान दहा मिनिटं उशिरा सुटलं. ही सगळी शिस्त माझ्याजवळ होती. ती मराठीत होती, आणि इंग्रजी लिहायला घेतलं की मी ती दाराबाहेर चपलेसारखी काढून ठेवत होते.

मराठी माध्यमातून आलेल्या आणि माध्यमांवर इंग्रजीत बोलायची-लिहायची वेळ आलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. आयईएल्टीएस ही परदेशी प्रवेशासाठीची इंग्रजीची परीक्षा असो, पत्रकारितेचा प्रवेश असो की मुलाखत.

आयईएल्टीएसचंच आधी उरकते. लेखनात मला 7 हवे होते, पहिल्या खेपेला 6 मिळाले. दुसरा टास्क किमान 250 शब्दांचा, त्याला साधारण 40 मिनिटं, आणि गुणांचा चौथा हिस्सा शब्दसंपत्तीला. क्लासने आम्हाला तीनशे ‘भारी’ शब्दांची झेरॉक्स दिली होती. मी ती घोकली आणि निबंधात ‘अ प्लेथोरा ऑफ न्यूज’ असं बिनदिक्कत ठोकून दिलं. शिवाय ‘डबल-एज्ड स्वोर्ड’ होतंच, आमच्या वर्गातल्या प्रत्येकाच्या निबंधात ती तलवार होती. अशा शब्दांनी निबंध लग्नाच्या भाड्याच्या शेरवानीसारखा दिसतो. बाह्या आपल्या नाहीत, हे लांबूनही कळतं.

पुढच्या खेपेला ती झेरॉक्स बाजूला ठेवली आणि एक दोनशे पानी वही घेतली. पानाच्या मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे मराठी बातमीतलं वाक्य, उजवीकडे तेच काम करणारं इंग्रजी वाक्य, इंग्रजी वर्तमानपत्रातूनच उचललेलं, माझ्या मनाचं नाही. ही काही माझी मोठी युक्ती नव्हे. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 ला ‘दर्पण’ काढलं तेही असंच, एका पानावर दोन स्तंभ, एक मराठी आणि एक इंग्रजी.

वही भरायला लागल्यावर पहिला धक्का ‘इंटरेस्ट’ने दिला. मराठीत ज्याला रस, हित, हितसंबंध आणि व्याज असे चार वेगळे शब्द आहेत, ते इंग्रजीने एकाच खुंटीवर टांगलंय. ‘ह्यूमन इंटरेस्ट स्टोरी’त रस आहे, ‘पब्लिक इंटरेस्ट’मध्ये हित आहे, ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’मध्ये हितसंबंध आहेत. नटीच्या घटस्फोटात लोकांना रस असतो, पण त्यात लोकहित असेलच असं नाही. इंग्रजीत हे सांगायला वाक्य फिरवून लिहावं लागतं, मराठीत दोन शब्द पुरतात. ‘डिसइंटरेस्टेड’ही इथेच सुटतो. ज्याला रस नाही तो ‘अनइंटरेस्टेड’, ज्याचे हितसंबंध गुंतलेले नाहीत तो ‘डिसइंटरेस्टेड’. न्यायाधीश दुसऱ्या प्रकारचा हवा. पहिल्या प्रकारचा मिळाला तर तो सुनावणीत डुलक्या घेईल.

दुसरा धक्का गोड होता. आपल्या पत्रकारांच्या तोंडी असलेल्या बऱ्याच शब्दांना इंग्रजीत सख्खी भावंडं आहेत. बातमी ‘पेरली’ तर ती ‘प्लँटेड स्टोरी’. बातमी ‘दाबली’ तर संपादकाने ती ‘किल’ केली किंवा ‘स्पाइक’ केली. हातात असून मुद्दाम लावली नाही, तर तो बातमीवर बसून राहिला, इंग्रजीतही अक्षरशः ‘सॅट ऑन द स्टोरी’. पत्रकार परिषदेनंतर वाटलं जाणारं ‘पाकीट’ पश्चिम आफ्रिकेत तपकिरी रंगाचं असतं आणि त्या प्रकाराला ‘ब्राऊन एन्व्हलप जर्नलिझम’ म्हणतात. प्रतिक्रिया काय येते ते बघायला पुढाऱ्याने पुडी सोडली, तर इंग्रजीत तो पतंग उडवत असतो: ‘फ्लाइंग अ काइट’. आणि कुणाच्या विधानात किंवा व्हिडिओत मागाहून फेरफार केला तर क्रियापद आहे ‘डॉक्टर’. मला हे कधीच लक्षात राहीना, मग वहीत डावीकडे लिहिलं ‘धचा मा’. नारायणरावाच्या खुनाची ती दंतकथा शाळेपासून कानावर असल्यामुळे ‘डॉक्टर्ड क्लिप’ पुन्हा विसरले नाही.

पण भावंडांच्या गर्दीत तोतयेही असतात. ‘खुलासा’ बघा. आपल्या छापील वर्तमानपत्रांत खुलासा म्हणजे स्पष्टीकरण, ‘क्लॅरिफिकेशन’. हिंदीत खुलासा म्हणजे गौप्यस्फोट, आणि मराठी वृत्तवाहिन्यांनी हिंदीतला अर्थ कधीच घरात घेतलाय. त्यामुळे ‘मंत्र्यांचा खुलासा’ इंग्रजीत नेताना मंत्र्याने काहीतरी स्पष्ट केलं की काहीतरी फोडलं, हे आधी ठरवा. ‘तथाकथित’चंही तसंच. ‘कथित घोटाळा’ म्हणजे ‘अलेज्ड’, अजून सिद्ध न झालेला. ‘तथाकथित विचारवंत’ म्हणजे ‘सो-कॉल्ड’, आणि त्यात टोमणा आहे. ‘सो-कॉल्ड विटनेस’ लिहिलंत तर साक्षीदाराला खोटारडं ठरवून बसाल.

‘अलेज्ड’वर आमच्या वर्गात अख्खा तास गेला. हा शब्द कायद्याच्या भीतीने इतका सवयीचा होतो की आपण तो मिठासारखा शिंपडत सुटतो. ‘अलेज्ड रेप व्हिक्टिम’ म्हटलं की संशयाची सुई आरोपीवरून उचलून तक्रार करणारीवर ठेवली जाते. आरोप गुन्ह्याबद्दल आहे, तिच्याबद्दल नाही. म्हणून तिथे बरेच जण ‘कंप्लेनंट’ हा कोरडा शब्द पसंत करतात. ज्याच्यावर आरोप आहे त्या माणसाचंही तसंच: आधी ‘सस्पेक्ट’, मग खटला उभा राहिला की ‘डिफेंडंट’, दोषी ठरला तरच ‘कन्व्हिक्ट’. मराठी बातमीत पकडल्या दिवसापासून सगळेच ‘आरोपी’ असतात, हा आपला जुना आळस.

बदनामीचे दोन शब्द प्रत्येक यादीत असतात: लेखी ती ‘लायबल’, तोंडी ती ‘स्लँडर’. इंग्लंडच्या कायद्यात हा भेद चालतो. भारतीय दंड विधानाच्या कलम 499 मध्ये मात्र बोललेलं आणि छापलेलं दोन्ही ‘डिफेमेशन’च होतं, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, कलम 356 मध्येही तसंच आहे. तेव्हा भारतातल्या खटल्याबद्दल लिहिताना ‘डिफेमेशन’च वापरा. आणि उच्चार जपा. गटचर्चेत मी ‘द पेपर इज लायबल’ म्हणाले, लोकांना वाटलं मी तसाच ऐकू येणारा दुसरा शब्द वापरून पेपर जबाबदार आहे असं म्हणतेय, आणि सगळे गंभीरपणे माना डोलवत राहिले. मीही डोलावली.

चूक सुधारण्याच्या शब्दांची उतरंड एकदा पाठच करावी, कारण तिच्यात सगळं नीतिशास्त्र येतं. ‘क्लॅरिफिकेशन’ म्हणजे आमचं बरोबर होतं पण तुमचा गैरसमज झाला असेल. ‘करेक्शन’ म्हणजे तपशील चुकला. ‘रिट्रॅक्शन’ म्हणजे बातमीच मागे घेतली. ‘अपॉलॉजी’ म्हणजे माफी. आपली ‘दिलगिरी’ या चारांच्या मधे कुठेतरी लोंबकळते. ‘वी रिग्रेट’ म्हणणाऱ्याने माफी मागितलेली असतेच असं नाही, आणि वकील मंडळी हा फरक पैसे घेऊन जपतात.

व्याकरणातली एक खोड आपल्याकडे हमखास दिसते. मराठीत पुरावे, सल्ले, बातम्या यांची अनेकवचनं धडधाकट आहेत, म्हणून हात आपोआप ‘एव्हिडन्सेस’, ‘ॲडव्हायसेस’, ‘अ न्यूज’ लिहून जातो. तिन्ही चूक. ‘माहिती’ मात्र मराठीतही एकटीच असते, म्हणून ‘इन्फर्मेशन’ला आपण सहसा ‘एस’ लावत नाही. आणि माणूस ‘बायस’ नसतो, ‘बायस्ड’ असतो. माझ्या पहिल्या वीस पानांत हे एकदाही बरोबर नव्हतं.

शब्दार्थाचा असा कीस काढणं काहींना पोरखेळ वाटतो. त्यांना मी 1897 चा लोकमान्यांवरचा राजद्रोहाचा खटला सांगते. कलम 124-अ मध्ये ‘डिसअफेक्शन’ हा शब्द होता. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितलं की ‘डिसअफेक्शन’ म्हणजे सरळ ‘अफेक्शन’चा अभाव. सरकारबद्दल प्रेम नसणं हाच गुन्हा ठरण्याची सोय त्यात होती, आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. 1908 मध्ये ‘केसरी’तल्या लेखांवरून पुन्हा खटला झाला तेव्हा त्यांनी स्वतः बचाव केला आणि मराठी शब्दांचं इंग्रजी भाषांतर कसं चुकलंय, यावरही कोर्टात वाद घातला. उपयोग झाला नाही, सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. पण शब्दकोश घेऊन लढलेला संपादक आपल्याच भाषेतला आहे.

वाचायला काय घ्यावं, असं विचाराल तर पुस्तकांपेक्षा आचारसंहिता घ्या. आपल्या प्रेस कौन्सिलचे पत्रकारितेच्या आचाराचे निकष आहेत, आणि ब्रिटनमधला ‘एडिटर्स कोड’ आहे. दुसरा मला जास्त कामाचा वाटला, कारण तो लहान आहे आणि त्यातलं प्रत्येक वाक्य भांडणातून तयार झालेलं आहे. ‘इंट्रूजन इंटू ग्रीफ ऑर शॉक’ हे चौथ्या कलमाचं शीर्षक. अपघातात मुलगा गेलेल्या आईपुढे माईक धरून ‘कसं वाटतंय?’ विचारणाऱ्याला इंग्रजीत काय म्हणायचं, ते या शब्दांत मिळतं. दहाव्या कलमात ‘सबटरफ्यूज’ येतो: ओळख लपवून, सोंग घेऊन माहिती काढणं. काही कलमांपुढे तारांकन (*) आहे, तिथे लोकहितासाठी अपवाद चालतो. चर्चेत ‘द एंड्स जस्टिफाय द मीन्स’ असं घासलेलं वाक्य टाकण्यापेक्षा ‘सबटरफ्यूज कॅन बी जस्टिफाइड, बट ओन्ली इन द पब्लिक इंटरेस्ट’ म्हणून बघा, समोरचा परीक्षक पुढे वाकतो. दुसऱ्या खेपेला मला लेखनात 7 मिळाले. एवढ्यानेच, असं म्हणणार नाही, पण त्या निबंधात ‘प्लेथोरा’ नव्हता.

वही अजून आहे. तिच्यातल्या बऱ्याच ओळींना दोन्ही बाजू मिळाल्या, काहींची डावी बाजू रिकामी आहे. ‘ऑफ द रेकॉर्ड’ आपण जसाच्या तसा घेतला, ‘नॉट फॉर ॲट्रिब्यूशन’ला ‘नाव न छापण्याच्या अटीवर’ बसतं. ‘ऑन बॅकग्राउंड’ अडला: अधिकारी तासभर सगळं समजावून सांगतो, पण ते कुणाच्या तोंडी घालायचं, किती छापायचं, हे दोघांत आधी ठरलेलं असतं. परवा जुन्या डेस्कवरच्या मित्राला फोन करून विचारलं, याला मराठीत काय म्हणायचं रे?

तो म्हणाला, “आपल्याकडे त्याला ‘चहाला या’ म्हणतात.”