शेगडीवरच्या मायक्रोवेव्हचा धूर घराबाहेर कसा काढावा

ओट्यावर ठेवायच्या मायक्रोवेव्हला डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारी नळी, जोडता येत नाही. हा लेख शेगडीच्या वर भिंतीला टांगायच्या, धूर ओढणारा पंखा असलेल्या यंत्रापुरता आहे. असे यंत्र बहुधा धूर कोळशाच्या गाळणीतून फिरवून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडेल अशा मांडणीत येते. त्याने वास थोडा कमी होतो, पण वाफ आणि उष्णता घरातच राहते. म्हणून बाहेरची भिंत जवळ असेल, तर "गाळणी पुरेशी आहे" हा सल्ला मानू नये.

डक्ट पत्र्याचाच हवा: ३¼ × १० इंचांचा आयताकृती किंवा ६ इंच व्यासाचा गोल. ४ इंची पाइप चालतो असे सांगणारे भेटतात, पण त्याचे तोंड ६ इंचीच्या निम्म्याहूनही लहान असते. घड्यांच्या लवचीक नळीत तेलकटपणा साचतो आणि प्लॅस्टिक आगीला निमंत्रण देते. मार्ग शक्य तितका सरळ ठेवावा, बाहेरच्या दिशेने किंचित उतार द्यावा आणि सांध्यांवर कापडी नव्हे, अॅल्युमिनियमची चिकटपट्टी लावावी. धूर पोटमाळ्यात सोडून काम उरकणे तर पूर्णपणे चुकीचे आहे, कारण तेथे तेल आणि ओल साचत जाते.

भिंतीत वायर किंवा नळ नाही याची खात्री करून, यंत्रासोबतच्या कागदी साच्याप्रमाणे भोक पाडावे.

खरे अवघड काम ब्लोअर, म्हणजे यंत्रातला धूर ओढणारा पंखा, योग्य दिशेला वळवण्याचे आहे. पहिल्या खेपेस मी डक्ट काळजीपूर्वक बसवला, यंत्र टांगले, पंखा सुरू केला. आवाज भरपूर आला, पण कढईवरची वाफ थेट माझ्या तोंडावर येत होती आणि डक्टच्या बाहेरच्या टोकावरील टोपीची झडप हलतही नव्हती. ब्लोअर आला तसाच, समोर तोंड करून राहिला होता. ते जड यंत्र दोघांनी पुन्हा उतरवावे लागले.

म्हणून यंत्र टांगण्यापूर्वीच, प्लग काढलेला असताना, फक्त ब्लोअरवरचा पत्रा सोडवावा. यंत्राचे मुख्य आवरण कधीही उघडू नये, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) वीज बंद केल्यानंतरही घातक भार राहू शकतो. ब्लोअर वायर न ताणता उचलावा आणि त्याची तोंडे, धूर भिंतीतून काढायचा असल्यास मागे, छतातून काढायचा असल्यास वर येतील असा फिरवावा. नेमके कसे वळवायचे हे प्रत्येक मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळे असते, पण खूण एकच आहे: धूर बाहेर जाण्याच्या चौकटीतून पाहिल्यावर पंख्याची पाती दिसली पाहिजेत. कोरा पत्रा दिसला, तर ब्लोअर उलटा बसला आहे. पत्रा परत लावताना वायर त्याच्या कडेखाली चिमटली जाणार नाही हेही पाहावे.

त्यानंतर डक्टच्या यंत्राकडच्या तोंडाशी झडपेची चौकट बसवून झडप बोटाने ढकलून पाहावी. ती सैल उघडून आपोआप मिटली पाहिजे. एखाद्या स्क्रूचे टोक आत आले, तरी ती अडकते आणि पंखा वाया जातो.

यंत्र टांगण्यास दोन माणसे लागतात. शेवटी पंखा पूर्ण वेगाने लावून एकाने बाहेर जावे आणि टोपीसमोर पातळ कागद धरावा. तो जोराने बाहेर फडफडला, तरच यंत्राला वरच्या कपाटाशी धरणारे स्क्रू पक्के आवळावेत.