दहावी-बारावीच्या मुलांची चिंता: ती वाढवणाऱ्या या चुका टाळा

दहावी-बारावीच्या वर्षात मुलाला ताण येऊ नये म्हणून घरात जी धडपड चालते, ती बहुतेक वेळा मायेपोटीच असते. पण समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांशी बोलताना एक गोष्ट वारंवार लक्षात येते, ती ही की मुलाची भीती ताबडतोब घालवण्याच्या या धडपडीमुळेच ती अधिक काळ टिकते. भीती गेली की मी नीट पेपर देईन, असे मुलाला वाटत असते. प्रत्यक्षात भीती असतानाच पेपर दिला आणि तो बऱ्यापैकी पार पडला, असा अनुभव दोन-चार वेळा गाठीशी आला, की मग भीती ओसरू लागते. पालकांच्या हातून होणाऱ्या बऱ्याचशा चुका हा क्रम न ओळखल्यामुळे होतात.

थोडा ताण हा बिघाड नव्हे, हेही आधी समजून घ्यावे. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या संशोधकांनी १९०८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून जे दाखवले, त्यातून पुढे मानसशास्त्रात असा विचार रुजला की मध्यम ताणात काम चांगले होते, तर अगदी कमी किंवा फार जास्त ताणात ते घसरते. म्हणून परीक्षा जवळ आल्यावर मूल थोडे अस्वस्थ झाले, तर ती अस्वस्थता शून्यावर आणण्याचा प्रयत्न करू नये. परीक्षा संपल्यावरही काळजी मागे उरत असेल, किंवा काळजीमुळे जेवण, झोप, शाळा आणि मित्र सुटत चालले असतील, तर मात्र लक्ष घालण्याची गरज आहे.

‘नाटकं करतोय’ म्हणून सोडून देणे

पेपरच्या दिवशी सकाळी पोटात मुरडा येणे, मळमळणे, तळहातांना घाम फुटणे ही लक्षणे खरी असतात. धोक्याची जाणीव झाली की मेंदू शरीराला पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी सज्ज करतो, ॲड्रेनालिन हे संप्रेरक स्रवते, ठोके वाढतात आणि पचनाचे काम मागे पडते. समोर हल्लेखोर उभा आहे की गणित भाग दोनची प्रश्नपत्रिका, याच्याशी या यंत्रणेला कर्तव्य नसते. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं’ हे वाक्य ऐकलेले मूल पुढच्या वेळी दुखणे थांबवत नाही, सांगणे थांबवते. शरीराची तक्रार वारंवार येत असेल तर एकदा डॉक्टरांकडून नीट तपासणी करून घ्यावी. सतत धडधड आणि थकवा असेल तर हिमोग्लोबिन व थायरॉईड पाहून घेणे योग्य, कारण वयात येणाऱ्या मुलींमध्ये रक्ताची कमतरता फार आढळते. मात्र अहवाल चांगला आला, म्हणजे मूल खोटे बोलत होते असा अर्थ काढू नये.

टाळण्याला मदत करणे

सर्वांत मोठी आणि सर्वांत मायाळू चूक हीच आहे. एक नेहमीचे उदाहरण घेऊ. प्रिलिमच्या विज्ञानाच्या पेपरला निघण्याआधी दहावीतली मुलगी पोट धरून बसते. ताप नसतो, पण चेहरा पांढराफटक पडलेला असतो. आई म्हणते, ‘राहू दे बाळा, प्रिलिमच तर आहे, बोर्ड थोडंच आहे?’ वर्गशिक्षकांना फोन जातो, मुलगी पलंगावर पडते आणि अकराच्या सुमारास तिला इतके बरे वाटते की ती पोहे मागून खाते. या दोन-तीन तासांत तिच्या मेंदूने एक धडा पक्का केलेला असतो: पेपर टाळला म्हणून सुटका झाली. पुढच्या पेपरला मुरडा आणखी लवकर आणि आणखी जोरात येतो, मग क्लासची टेस्ट टळते, मग तोंडी परीक्षा टळते, आणि फेब्रुवारी उजाडेपर्यंत मुलीला शाळेच्या फाटकापर्यंत जाणेही अवघड झालेले असते.

यावर उपाय ढकलून पाठवण्याचा नाही, पायऱ्या करण्याचा आहे. शाळा सुटलेलीच असेल तर वर्गशिक्षकांशी आधी बोलून पहिले काही दिवस दोनच तासिका बसायचे ठरवावे, नंतर मधल्या सुट्टीपर्यंत आणि मग पूर्ण दिवस. पेपरची भीती असेल तर आधी घरी घड्याळ लावून एकच विभाग सोडवावा, मग अख्खी प्रश्नपत्रिका, मग मैत्रिणीच्या घरी, मग क्लासमध्ये. प्रत्येक पायरीवर अस्वस्थता वाढेल आणि तिथेच थांबून राहिल्यास ती हळूहळू खाली येईल. ती खाली येण्याआधी उठून जाऊ नये, हा या सगळ्याचा गाभा आहे. मुलीला सांगताना ‘घाबरू नकोस’ याऐवजी ‘भीती वाटणार आहे हे मला माहीत आहे, आणि तरी तू तासभर बसू शकशील’ असे सांगावे.

एक अपवाद कटाक्षाने पाळावा. काही वेळा शाळेची भीती अगदी सार्थ असते: वर्गात कोणी छळत असते, एखादे शिक्षक सर्वांसमोर अपमान करत असतात, किंवा वाटेत कोणी त्रास देत असते. अशा वेळी मुलाला पायऱ्यापायऱ्यांनी तिथे पाठवणे हा अन्याय आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, हे पालकांनी लक्षात ठेवावे. म्हणून ‘शाळेत नक्की कुठल्या वेळी, कोण असताना नको वाटतं?’ हा प्रश्न आधी विचारावा आणि उत्तर यायला पुरेसा वेळ द्यावा.

दिवसातून वीसदा धीर देणे

‘आई, मला जमेल ना?’ ‘हो रे राजा, जमणारच.’ दहा मिनिटांनी पुन्हा तेच. धीर देणे चांगलेच, पण तोच प्रश्न रोज अनेकदा येऊ लागला, की प्रत्येक उत्तराने मिळणारा दिलासा काही मिनिटांचा ठरतो आणि अनिश्चितता स्वतः सोसण्याची सवय मुलाला लागतच नाही. अशा वेळी एकदा मनापासून उत्तर द्यावे आणि पुढच्या वेळी प्रश्न प्रेमाने परत करावा: ‘मघाशी आपण काय म्हटलं होतं? तुला स्वतःला काय वाटतं?’ काळजीसाठी संध्याकाळी पंधरा मिनिटांची ठरावीक वेळ ठेवणेही उपयोगी पडते. दिवसभरात मनात येणारी काळजी चिठ्ठीवर लिहून बाजूला ठेवायची आणि त्या वेळी बसून दोन गट करायचे. ज्यावर आज काही करता येईल ते एका बाजूला, उदाहरणार्थ रसायनशास्त्राचे राहिलेले प्रकरण. आणि ज्यावर काहीच करता येणार नाही ते दुसऱ्या बाजूला, उदाहरणार्थ सीईटीला इतरांना किती पर्सेंटाइल मिळतील. ही वेळ झोपण्याच्या तोंडावर ठेवू नये.

झोप कापून अभ्यास वाढवणे

तेरा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. या वयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते आणि झोप आणणारे मेलाटोनिन उशिरा स्रवू लागते, त्यामुळे लवकर झोप न येणे हा नेहमीच आळस किंवा मोबाइलचा परिणाम नसतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. मोठ्या मुलांची झोप मात्र सकाळच्या शाळेने आणि रात्रीच्या क्लासने दोन्हीकडून कुरतडली जाते, याची चिंता वाटते. दिवसभरात वाचलेले पक्के होण्याचे काम झोपेत चालते, आणि अपुऱ्या झोपेने चिडचिड व धास्ती दोन्ही वाढतात. संध्याकाळनंतर चहा-कॉफी बंद करावी, कारण कॅफिनचा अर्धा अंश रक्तातून जायलाच सुमारे पाच तास लागतात.

याच्याच जोडीने येणारी चूक म्हणजे तेच पान पुन्हा पुन्हा वाचणे. त्यातून ओळखीचा भास होतो आणि पेपरात आठवत नाही म्हणून भीती वाढते. पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहून काढणे आणि मग ताडून पाहणे याने अभ्यासही टिकतो आणि आपल्याला खरोखर काय येते याचा पुरावाही हाती राहतो.

श्वासाचा उपाय परीक्षेच्या दिवशीच आठवणे

चार आकडे मोजत श्वास घ्यायचा आणि सहा आकडे मोजत सोडायचा, हा व्यायाम चांगला आहे, पण तो शांत असताना रोज पाच मिनिटे केलेला असेल तरच गरजेच्या वेळी हाताशी येतो. पेपर हातात पडल्यावर डोके रिकामे झाले, तर पेन खाली ठेवून दोन्ही पाय जमिनीला टेकवावेत, चार-पाच संथ श्वास घ्यावेत आणि सर्वांत सोपा प्रश्न आधी लिहायला घ्यावा. यात दोन मिनिटे जातील. राज्य मंडळ २०२३ पासून पेपरच्या शेवटी दहा मिनिटे वाढवून देत आहे, तेव्हा ही दोन मिनिटे परवडतात. ही गोष्ट मुलाला आधीच सांगून ठेवावी.

एकच दार दाखवणे

‘आता नाही तर कधीच नाही’ असे म्हणणाऱ्या घरात पुरवणी परीक्षा, दहावीत दोन विषयांपर्यंत राहिले तरी अकरावीत प्रवेश देणारी एटीकेटी आणि गुण सुधारण्यासाठी पुन्हा परीक्षा देण्याची श्रेणीसुधार योजना यांचा उल्लेखही टाळला जातो, मूल ढिले पडेल या भीतीने. अनुभव असा आहे की मागे आधार आहे हे कळलेले मूल अभ्यासाला अधिक मोकळेपणाने बसते.

मदत घ्यायला उशीर करणे

दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास किंवा कमालीचे चिडखोर असेल, आवडीच्या गोष्टी सोडून देत असेल, हातांवर जखमांच्या खुणा दिसत असतील किंवा ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ अशी भाषा येत असेल, तर परीक्षा संपण्याची वाट पाहू नये. ‘स्वतःला संपवावंसं वाटतं का?’ असे सरळ विचारल्याने ते विचार मनात पेरले जात नाहीत. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर होकारार्थी आले तर रागावू नये, शपथा घालू नयेत, मुलाला एकटे सोडू नये, औषधे व धोकादायक वस्तू कुलपात ठेवाव्यात आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा जवळच्या रुग्णालयात न्यावे. केंद्र शासनाची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीतून बोलता येते. फोन पालकांनीच करावा असेही नाही. हा क्रमांक मुलाच्या मोबाइलमध्ये आजच नोंदवून द्यावा.