पूरग्रस्त आणि दरडग्रस्तांना मानसिक आधार कसा द्यावा : सांगली-साताऱ्यातील स्वयंसेवकांसाठी

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली; तेथे ४५ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पाणी पुन्हा शहरात आणि नदीकाठच्या गावांत शिरले आणि त्याच पावसात पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. अशा प्रसंगी तरुण मंडळे, बचत गटातील महिला, शिक्षक आणि आशा सेविका मदतीला धावतात. भाकरी, पाणी आणि चादरी पोहोचवण्याची रीत त्यांना सांगावी लागत नाही. पण सर्वस्व गमावलेल्या माणसाजवळ बसून काय बोलावे हे सुचत नसल्यामुळे बरेच जण त्याला टाळतात किंवा उपदेश करू लागतात. पुढील सूचना त्यांच्यासाठी आहेत. त्यांचा रोख एवढाच, की पहिल्या पंधरवड्यात मानसिक आधार बहुतांशी साध्या व्यवहारी कामांतूनच दिला जातो आणि ती कामे नेटाने करण्यासाठी मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेत पाहणे, ऐकणे आणि जोडून देणे असे तीन टप्पे सांगितले आहेत. निवारा केंद्रात, म्हणजे आपल्याकडे बहुधा शाळेत किंवा मंगल कार्यालयात, पाऊल ठेवल्यावर आधी पाहावे : एकटे कोण बसले आहे, कोणाला आपल्या माणसांचा पत्ता नाही, कोणते मूल अनोळखी माणसासोबत आहे, कोणाचे अंग ओले आहे. मग जवळ जाऊन आपले नाव व गाव सांगावे, खाली बसावे आणि तातडीने काय हवे ते विचारावे. उत्तर बहुधा साधे असते. मोबाईल चार्ज करून हवा असतो, रक्तदाबाची गोळी हवी असते, दावणीला राहिलेल्या म्हशीची खबर हवी असते. ही गरज भागवणे किंवा ती भागवू शकणाऱ्या माणसाशी गाठ घालून देणे, हा आधाराचा गाभा आहे. जनावरांचा प्रश्न किरकोळ समजू नये. जनावरे सोडून जायचे कसे, या विवंचनेत अनेक कुटुंबे पाणी चढले तरी घरातून हलत नाहीत, आणि दुभती म्हैस वाहून गेली असेल तर तो आर्थिक तोटा असतो तसाच घरातला शोकही असतो.

ऐकण्याच्या बाबतीत एक पथ्य कटाक्षाने पाळावे. त्या रात्री काय झाले ते सांगा, असा आग्रह धरू नये. मन मोकळे केल्याने बरे वाटते हे आपण सर्रास म्हणतो. परंतु आपत्तीनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून अनुभव सांगायला लावणारी सत्रे उपयोगाची नसल्याचे अभ्यासांतून दिसून आले आहे आणि जागतिक आरोग्य संघटनाही त्यांची शिफारस करत नाही. ज्याला बोलायचे आहे त्याचे मध्ये न तोडता ऐकावे. जो गप्प आहे त्याच्या शेजारी गप्प बसावे. ‘जीव वाचला हे काय थोडे आहे’, ‘देवाची इच्छा’, ‘रडू नका, मुलांकडे बघा’ ही वाक्ये सद्भावनेने येतात, पण ऐकणाऱ्याला आपले दुःख गैरलागू ठरवल्यासारखे वाटते. त्याऐवजी ‘फार वाईट झाले, मी इथेच आहे, आता काय करू या?’ एवढे बोलणे पुरते. छायाचित्रे काढू नयेत. मदतीचे पाकीट हातात देताना तर मुळीच काढू नयेत.

जे आपल्या हातात नाही त्याचे वचन देऊ नये. ‘उद्या पंचनामा होईल’, ‘अनुदान नक्की मिळेल’ असे बोलून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी दिसला नाही, तर पूरग्रस्ताचा पुढच्या स्वयंसेवकावरचाही विश्वास उडतो. याउलट खात्रीशीर माहिती मन फार लवकर स्थिर करते. पूरकाळात कोयनेच्या विसर्गाविषयी आणि धरणाविषयी नाना अफवा पसरतात. केंद्राच्या दारात एक फळा लावून त्यावर नदीची पातळी, धरणातील विसर्ग, माहितीचा सरकारी स्रोत आणि नोंदीची वेळ दिवसातून ठरावीक वेळा लिहावी. आमच्या मते या एका फळ्याने केंद्रातील घबराट जितकी कमी होते, तितकी कोणत्याही भाषणाने होत नाही.

सुटकेच्या वेळीही हेच तत्त्व लागू पडते. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे ८ ऑगस्ट २०१९ रोजी सुटकेसाठी निघालेली बोट उलटली, त्यामुळे नदीकाठच्या कोणी बोटीत बसायला नकार दिला तर त्याच्यावर ओरडू नये. बोटीत किती जण बसणार, लाइफ जॅकेट कोणाला मिळणार, ती कुठे लागणार आणि घरातील सर्व माणसे एकाच फेरीत येतील का, हे सांगितल्यावर बहुतेक जण तयार होतात.

पहिल्या काही दिवसांत झोप न लागणे, छातीत धडधडणे, जीव घाबरा होणे, डोके बधिर झाल्यासारखे वाटणे, लहानसहान आवाजाने दचकणे आणि घरातल्यांवर विनाकारण चिडणे, हे सारे अपेक्षित आहे आणि बहुसंख्य लोकांत ते हळूहळू कमी होते. ते वेडाचे लक्षण नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे. मात्र छातीत दुखते असे कोणी म्हणाले तर भीती समजून न सोडता आधी डॉक्टरांना दाखवावे. झोपेच्या गोळ्या वाटणे पूर्णपणे टाळावे. आपत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात अशी औषधे सरसकट देऊ नयेत, असा वैद्यकीय संकेत आहे. याच्या उलट, ज्यांची फिट्सची किंवा मानसिक आजाराची नेहमीची औषधे पाण्यात गेली, त्यांची यादी पहिल्याच दिवशी करून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे द्यावी, कारण ती अचानक बंद पडणे धोक्याचे असते. ज्या विषयावर केंद्रात कोणी बोलत नाही तोही लक्षात ठेवावा : रोज दारू पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तुटली, की एक-दोन दिवसांत हात थरथरणे, असंबद्ध बोलणे, भास होणे किंवा फिट येणे सुरू होऊ शकते. त्याला नाटकी म्हणून कोपऱ्यात बसवू नये. १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका बोलवावी.

मुलांना शक्यतो आईवडिलांपासून दूर, नातेवाइकांकडे धाडू नये. जेवण, खेळ आणि झोप यांच्या वेळा ठरवून द्याव्यात. मोठे झालेले मूल अंथरूण ओले करू लागले किंवा आईचा पदर सोडेना, तर हसू नये, शिक्षाही करू नये. घरातील कोणी दगावले असेल तर ‘गावाला गेलेत’ असे न सांगता जवळच्या माणसाने सोप्या शब्दांत खरे सांगावे. एकटे सापडलेले मूल कोणाच्याही हवाली न करता १०९८ वर कळवावे.

दरडीत माणसे गेलेल्या घराशी वागताना अधिक सावध राहावे लागते. शोध चालू असताना ‘नक्की सापडतील’ असे म्हणू नये आणि ‘आता आशा सोडा’ असेही म्हणू नये. वाट पाहणाऱ्यांसाठी सावली, पाणी आणि अधिकाऱ्यांशी बोलणारा एक ठरलेला माणूस असावा. मृतदेह पाहायचा की नाही हे नातेवाइकांनी ठरवावे; पाहायचा असेल तर तो कोणत्या अवस्थेत आहे याची कल्पना आधी द्यावी. अंत्यविधी घाईने उरकू नयेत. कोयना परिसरातील वृद्धांच्या मनात ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप अजून असू शकतो, त्यामुळे ते वर्तमानाऐवजी तीच आठवण पुन्हा पुन्हा सांगू लागले तर ऐकून घ्यावे.

खरी कसोटी मदतीचे ट्रक परतल्यानंतर लागते. गाळ उपसून होतो, पाहुणे निघून जातात आणि मग कुजलेला ऊस, विकास सोसायटीचे कर्ज, यादीतून सुटलेले नाव यांच्याशी माणूस एकटाच झगडत राहतो. म्हणून प्रत्येक स्वयंसेवकाने मोजकी घरे वाटून घ्यावीत आणि तीन-चार महिने त्याच घरांत जात राहावे. पंचनाम्याच्या प्रतीसाठी सोबत जाणे, बँकेचे पासबुक पुन्हा काढून देणे, ही कामे करताना जे बोलणे निघते ते मुद्दाम समोर बसवून केलेल्या विचारपूशीपेक्षा मोकळे असते. भाडेकरू, एकट्या महिला आणि शेतमजूर यांच्याकडे आधी जावे, कारण याद्यांत तेच मागे पडतात.

महिना उलटल्यावरही झोप नाही, तीच दृश्ये डोळ्यांपुढे येतात, कामात मन लागत नाही किंवा दारू वाढली आहे असे दिसले, तर तज्ज्ञाकडे न्यावे. सांगली व मिरज येथील शासकीय रुग्णालयांत आणि साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात चौकशी करता येईल. ‘टेली मानस’ ही केंद्र शासनाची सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आणि मराठीतही मिळते. ‘आता जगून काय करायचे’ असे कोणी बोलले तर महिनाभर थांबू नये. जीव देण्याचा विचार मनात येतो का, असे सरळ विचारावे; विचारल्याने तो विचार रुजत नाही. होकार आल्यास त्याला एकटे न सोडता घरातील कीटकनाशक व तणनाशक ताबडतोब दुसरीकडे हलवावे आणि वरील क्रमांकावर बोलणे करून द्यावे. पोलिसांच्या भीतीने घरचे लोक प्रयत्न लपवतात. त्यांना सांगावे की मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षेऐवजी उपचार मिळावेत अशी तरतूद आहे.

पुराच्या पुढचा जुलै आधीपासून मनात धरावा. पावसाचा जोर वाढला की अनेकांची झोप पुन्हा उडते. मे महिन्यातच त्या घरांत जाऊन कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत घालणे, जनावरे कोठे हलवायची आणि पाणी किती फुटांवर आले की निघायचे हे कुटुंबासोबत ठरवून भिंतीवर लिहून ठेवणे, हाच त्या भीतीवरचा सर्वांत उपयोगी उपाय आहे. या कामासाठी घरांची नोंदवही लागते. ती एकाच स्वयंसेवकाच्या डोक्यात किंवा मोबाईलमध्ये राहू देऊ नये, कारण ज्याच्या स्वतःच्या घरात पाणी शिरले आहे त्याला विश्रांती घेण्यासाठी ती दुसऱ्याच्या हाती देता आली पाहिजे.