औषधाचा फुगा आहे म्हणून नळी कुठंही घालू नका: डायलिसिसवाल्यांनो, या चुका टाळा

चिक्कोडी-अथणी पट्ट्यातला माणूस डायलिसिसला लागला आणि त्याला फिस्टुला (डायलिसिसची सुई टोचायला हातातली शीर धमनीला जोडायचं ऑपरेशन) करून घ्या म्हटलं, की त्याचं उत्तर ठरलेलं असतं, "फिस्टुलाचं ऊस कारखान्याला गेल्यावर बघू की ओ." ऊस जातो, डायलिसिससाठी शिरेत घातलेली तात्पुरती नळी तिथंच राहते. फिस्टुला केल्यावरही तो सुई टोचण्याजोगा व्हायला सहा-आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. हा हिशोब डायलिसिस मशीनवर काम करून करून माझ्या तोंडपाठ झालाय, ऐकणारा मात्र मिळत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे नळी हासळीखालच्या सबक्लेव्हियन शिरेत घालणं. घालायला सोपी, शर्टाखाली लपते, म्हणून घाईत तिथंच घालतात. श्वासागणिक, ठोक्यागणिक नळी शिरेच्या आतल्या अस्तराला घासते. ती जखम भरताना भिंतीतल्या पेशी वाढत सुटतात आणि शीर आतून अरुंद होते. मग ती आत फुगा फुगवून उघडावी लागते; त्या फुग्याला औषध लावलेलं असलं की तो औषधाचा फुगा. मानेतली उजवी जुगुलर शीर जवळपास सरळ हृदयाकडं उतरते, त्यामुळं तिथं हा त्रास बराच कमी.

आमच्याकडं एक मामा आले होते. दुसरीकडं डाव्या हासळीखाली नळी घातलेली, पुढं फिस्टुलाही त्याच हातावर. काही आठवड्यांत हात खांद्यापर्यंत सुजला, छातीवर निळ्या शिरा उमटल्या, मशीनवर व्हीनस प्रेशर (रक्त शरीरात परत जाताना लागणारा दाब) चढायला लागलं, सुई काढल्यावर रक्त थांबेना. मुलानं मोबाईलवर वाचलेलं, "साधा फुगा कशाला? डायरेक्ट औषधाचाच घाला की!"

इथं दुसरी चूक. औषधाचा फुगा शीर उघडत नाही. उघडायचं काम जास्त दाबाच्या साध्या फुग्याचं. शीर नीट उघडली की मगच पॅक्लिटॅक्सेल लावलेला फुगा तिथं दोन-तीन मिनिटं फुगवून धरतात, औषध भिंतीत उतरतं आणि पेशींची वाढ रोखतं. रक्तात रेंगाळत नेला तर औषध वाटेतच धुऊन जातं. 2020 साली छापून आलेल्या 330 रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी औषधाच्या फुग्यानंतर अरुंद झालेल्या सुमारे 82 टक्के जागा उघड्याच राहिल्या होत्या, साध्या फुग्यानंतर सुमारे 60. पण त्या जागा हाताच्या फिस्टुलातल्या होत्या, छातीतल्या मोठ्या शिरेतल्या नव्हेत, आणि आधी साध्या फुग्यानं नीट उघडलेल्यांनाच चाचणीत घेतलं होतं. मुलाला हे सांगितलं तर तो माझ्याकडंच संशयानं बघायला लागला.

पॅक्लिटॅक्सेल हे कॅन्सरचं औषध म्हणून घाबरणारेही भेटतात. 2018 मध्ये पायाच्या धमन्यांवरच्या अभ्यासांतून मृत्यूची शंका निघाली होती. 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं, उपलब्ध माहितीत जास्त धोका दिसत नाही, असं सांगितलं.

नळीत भरलेलं हेपरिन हे औषध रक्ताची गुठळी रोखतं, शीर अरुंद होणं नाही.

किडनी कमी चालतेय कळल्यापासून डाव्या हातावर सलाईन नको, रक्त काढणं नको. डावखुऱ्यानं उजवा हात जपावा. सुई हाताच्या पंजाच्या पाठीवर टोचा म्हणून सांगायचं. नर्स वैतागली तर वैतागू दे.

मी प्रत्येकाच्या फाईलवर लाल पेनानं लिहितो: नळी कुठल्या बाजूला, कुठल्या शिरेत, कधी घातली, कधी काढली. कोल्हापूर-मिरजेला दाखवायला गेलात तर तेवढं पान तरी बरोबर न्या. सुजलेल्या हाताला शेकत, तेल चोळत आठवडे घालवून मग येऊ नका.