स्प्लेंडर विकताना रडा हवं तर, पण फॉर्म 29 भरल्याशिवाय चावी देऊ नका

आमच्या गोव्यात डिचोलीकडे बऱ्याच घरांच्या पडवीत एक जुनी स्प्लेंडर असतेच, कुणाची चालते, कुणाच्या सीटवर मांजर झोपलेलं असतं. आमची 2004 ची, जीए 01 नंबरची, तेव्हाची हिरो होंडा. बाबा खाणीवर कामाला होते तेव्हा घेतलेली, त्यामुळे एअर फिल्टर उघडला की आत नुसती लाल धूळ. गेल्या दसऱ्याला तिला झेंडूची शेवटची माळ घातली आणि मग विकली. त्या भानगडीत जिथे जिथे अडखळलो ते लिहून ठेवतोय, कुणाला तरी कामाला येईल.

पहिला प्रश्न, विकायची कधी. मी चार वर्षं हाच घोळ घातला. मेकॅनिक म्हणायचा इंजिन ठणठणीत आहे, आणि ते खरंच होतं, पण बाकीचं? दर पावसाळ्यानंतर सायलेन्सर खालून गंजलेला, स्पोक तांबडे, चेन सैल. चोर्ला घाटात बायको मागे बसली की दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाव नाही. माझा हिशेब असा झाला की पणजीला जाताना आपण गाडी घरी ठेवून बस पकडायला लागलो, म्हणजे आपला तिच्यावरचा विश्वास गेलाय, मग उगाच माया दाखवण्यात अर्थ नाही. आणि "राहू दे पडवीत, आठवण म्हणून" हे तर अजिबात करू नका. दोन पावसाळे उभी राहिली की टाकी आतून गंजते, कार्बोरेटर चिकटतो, बॅटरी जाते, आणि मग ती आठवण भंगारवाला नेतो. भंगारात द्यायचीच असेल तरी आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) आरटीओत रद्द करून घ्या, नुसती उचलून देऊ नका.

चालू आहे तोवर विका, आणि कागद जिवंत आहेत तोवर विका. दुचाकीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं, त्यानंतर दर 5 वर्षांनी गाडी दाखवून रिन्यू करावं लागतं. आमची 2019 ला केली, परत 2024 ला केली, म्हणून गिऱ्हाईक तरी मिळालं. आरसी संपलेल्या गाडीला लोक भंगाराचा भाव सांगतात. भाव ऑनलाइन जाहिराती बघून ठरवू नका, तिथे सगळेच स्वप्नात असतात. गावातल्या दोन गॅरेजवाल्यांना विचारा, ते सांगतील त्याच्या मधला धरा.

आता मुख्य गोष्ट. नाव बदलणं. आपल्याकडे पद्धत काय, पैसे घ्यायचे, कोऱ्या फॉर्मवर सही द्यायची आणि "तू बघ रे नंतर" म्हणायचं. माझ्या ओळखीच्या एकाने स्कूटर अशीच दिली, ती पुढे किनाऱ्याकडे कुणीतरी टुरिस्टांना भाड्याने द्यायला लागला, पांढऱ्या नंबर प्लेटवर (भाड्याच्या गाडीची प्लेट काळी असते, अक्षरं पिवळी, हे गोव्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे), आणि चलन येत राहिले ह्याच्या मोबाईलवर. चलनापर्यंत निभावलं म्हणायचं. अपघात झाला तर? सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव तोच मालक, गाडी मध्ये चार जणांना विकली असली तरी भरपाईची जबाबदारी त्याच्यावर.

म्हणून करायचं असं. फॉर्म 29 (गाडी विकल्याची सूचना) दोन प्रती, फॉर्म 30 (नाव बदलायचा अर्ज), आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी, दोघांचे आयडी आणि पत्त्याचे कागद. अर्ज परिवहनच्या साइटवर टाकायचा. ओटीपी येतो, त्यामुळे आरसीला जोडलेला मोबाईल नंबर आधी तपासा. आमच्या आरसीवर बाबांचा जुना नंबर होता जो त्यांनी कधीच सोडलेला, त्यातच आठवडा गेला. विकल्याचं आरटीओला 14 दिवसांत कळवायचं असतं. कधीकाळी लोन होतं तर बँकेची एनओसी (ना हरकत दाखला) आणि फॉर्म 35 लावून बोजा उतरवून घ्या, लोक कर्ज फेडतात आणि हे विसरतात. गिऱ्हाईक सावंतवाडी-दोडामार्गचं किंवा बेळगावचं असेल तर फॉर्म 28 ची एनओसी काढावी लागते आणि तिकडे त्याला टॅक्स वेगळा, म्हणून मी सरळ गोव्यातलाच माणूस बघितला. गाडी वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर आधी फॉर्म 31 ने वारसाच्या नावावर करून घ्यायची, मगच विकायची.

आणि एका साध्या कागदावर तारीख, वेळ, किलोमीटर, दोघांच्या सह्या. वेळ नक्की लिहा, संध्याकाळी सहाला त्याने ठोकली तर पाचला दिली होती हे दाखवायला काहीतरी हातात पाहिजे.

चॅसी नंबर आरसीशी जुळतो का ते गिऱ्हाइकाच्या आधी तुम्ही बघा. स्प्लेंडरला तो हँडलखालच्या पाइपवर असतो. आमच्याकडे वीस वर्षांचं ग्रीस आणि लाल माती बसून तिथे पापुद्रा झालेला, रॉकेलचं फडकं आणि जुना टूथब्रश घेऊन मी पाऊण तास घासत बसलो तेव्हा एकेक आकडा वर आला. बाबा बाजूला खुर्ची टाकून बसलेले, काही बोलले नाहीत. चावी देताना मात्र त्या पोराला म्हणाले, "चोक अर्धाच ओढ हां, पूर्ण ओढलास तर फ्लड होते." बस, एवढंच.

नंबर प्लेट आठवण म्हणून काढून ठेवायचा विचार आला असेल तर सोडा, ती गाडीबरोबरच जाते. मी कीचेन ठेवलं.

नवीन गाडीचं थोडक्यात. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी 28 वरून 18 टक्के झालाय, त्याच्या वर मात्र 40, त्यामुळे मोठ्या बुलेटची हौस असेल तर हिशेब करूनच जा. शोरूममध्ये एक्स्चेंजला पैसे कमी देतात पण धावपळ वाचते, तिथेही त्यांनी जुनी गाडी ताब्यात घेतल्याचं लेखी घ्या. नव्या गाडीला थर्ड पार्टी इन्शुरन्स 5 वर्षांचा घ्यावाच लागतो. जुन्यावर पूर्ण पॉलिसी असेल तर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुमचा असतो, गाडीचा नाही, तो नव्यावर मागून घ्या (आमच्या जुनीला नुसता थर्ड पार्टी, त्यामुळे आम्हाला ठेंगा). 125 सीसीच्या वर एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सोय) येतो, आणि पहिल्या पावसात ओल्या शेवाळी रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर समजतं ते काय आहे.

मी होंडाची युनिकॉर्न घेतली. टेस्ट राइड शोरूमसमोरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका, चढावर थांबवून परत उचलून बघा, बायकोला मागे बसवून. स्प्लेंडर 110 किलोच्या आसपास, ही 140 च्या घरात, अंगणात वळवताना फरक कळतो.

सगळ्यात जास्त त्रास पायाला. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबायचे, नवीन गाडीत पहिला खाली आणि बाकीचे वर. पहिला आठवडा मी गिअर वाढवायला गेलो की कमी व्हायचा, गाडी ओरडायची, मागचे हॉर्न मारायचे. उपाय एकच, सकाळी सहाला गावातल्या रिकाम्या रस्त्यावर चार दिवस सराव, पणजीच्या ट्रॅफिकमध्ये शिकायला जाऊ नका. पहिले हजार किलोमीटर पिळू पण नका.

आणि रिझर्व्हचा कॉक नाही हे लक्षात ठेवा. परवा अस्नोड्याजवळ मीटरवर पेट्रोल कमी दिसलं तर माझा डावा हात आपोआप टाकीखाली गेला, तिथे काहीच नाही. मग गाडी बाजूला घेऊन, डाव्या-उजव्या बाजूला हलवून, कान लावून पेट्रोल ऐकत उभा राहिलो, बाबा उभे राहायचे तसाच.