शेअर केलेलं फोल्डर दिसतं, पण सेव्ह होत नाही: लिनक्समधल्या एनएफएस परवानग्यांची दुरुस्ती

बेळगावच्या खडेबाजारातलं लग्नपत्रिका छापणारं दुकान घ्या, नाहीतर उद्यमबागेतल्या वर्कशॉपचा ड्रॉइंग विभाग घ्या, मांडणी साधारण एकच असते. एका लिनक्स मशीनवर, म्हणजे सर्व्हरवर, सगळं काम साठवलेलं आणि बाकीची दोन-तीन मशीन, म्हणजे क्लायंट, एनएफएसने (नेटवर्कवरून फोल्डर शेअर करण्याची पद्धत) त्याला जोडलेली. मग कधीतरी 'पर्मिशन डिनाइड' येतं आणि कोणीतरी सर्व्हरवर जाऊन फोल्डरला ७७७ (म्हणजे सगळ्यांना सगळे हक्क) देऊन मोकळं होतं. थोडा वेळ काम चालतंही. पण ७७७ त्या फोल्डरपुरतं असतं. आत तयार होणारी नवी फाइल बहुतेक वेळा ६४४ नेच जन्मते, म्हणजे लिहिण्याचा हक्क फक्त मालकाला. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सविताने बनवलेली पत्रिका बसूला दुरुस्त करता येत नाही, आणि गाडी पुन्हा तिथेच. शिवाय अडचण एक्सपोर्टच्या यादीत (सर्व्हर कोणतं फोल्डर कोणाला देतो ती यादी) किंवा जोडणीत असेल, तर ७७७ चा काडीचाही उपयोग नाही.

खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीच्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या.

संदेश नीट वाचा

'काहीतरी एरर येतोय' एवढ्यावर शोध सुरू करू नका. माउंट करतानाच, म्हणजे सर्व्हरचं फोल्डर आपल्या मशीनला जोडतानाच, 'ॲक्सेस डिनाइड बाय सर्व्हर' आलं, तर सर्व्हरच्या एक्सपोर्ट यादीत पाहा. माउंट झालं आणि फाइल लिहिताना 'पर्मिशन डिनाइड' आलं, तर यूझरचे आकडे किंवा फोल्डरचे हक्क तपासा. 'रीड-ओन्ली फाइल सिस्टिम' म्हणजे एक्सपोर्ट किंवा माउंट 'आरओ' (फक्त वाचण्यापुरतं) आहे, तिथे सीएचमॉड (हक्क बदलण्याची आज्ञा) करत बसू नका. सुडो लावूनही, म्हणजे रूट (मुख्य ॲडमिन) म्हणून चालवूनही, सीएचओन (मालक बदलण्याची आज्ञा) 'ऑपरेशन नॉट परमिटेड' म्हणत असेल, तर ते रूट स्क्वॅशचं काम आहे: सर्व्हर क्लायंटवरच्या रूटला रूट मानत नाही. 'स्टेल फाइल हँडल' आलं तर सर्व्हरवर ते फोल्डर कोणीतरी उडवून पुन्हा बनवलंय किंवा खालची डिस्क बदललीय. अनमाउंट करून परत माउंट करा. आणि 'कनेक्शन टाइम्ड आउट' हा परवानगीचा प्रश्नच नव्हे. तिथे सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये टीसीपी पोर्ट २०४९ उघडा आहे का ते बघा.

मुळात जोडणी आहे का?

पावसाळ्यात खानापूरकडे वीज जाते-येते, तिथे हा प्रकार हमखास होतो. वीज आली, सगळी मशीन एकदम सुरू झाली, पण सर्व्हर उठायला उशीर लागला. क्लायंटचं माउंट फसलं आणि '/एमएनटी/काम' हे फोल्डर नुसतं रिकामं राहिलं. ते रूटच्या मालकीचं असेल तर लिहिताना 'पर्मिशन डिनाइड' येतं आणि लोक सर्व्हरवर दोष शोधत बसतात. यूझरच्या मालकीचं असेल तर त्याहून वाईट: फाइल आनंदाने सेव्ह होते, पण स्थानिक डिस्कवर. संध्याकाळी सर्व्हरशी जोडणी झाली की ती फाइल माउंटखाली झाकली जाते आणि 'फाइल गायब झाली' म्हणून आरडाओरडा.

म्हणून पहिली आज्ञा 'फाइंडएमएनटी /एमएनटी/काम'. काहीच छापलं नाही तर माउंट नाही. झाकलेल्या फाइल काढायच्या तर अनमाउंट करा, त्या दुसरीकडे हलवा आणि मग माउंट करा. पुन्हा असं होऊ नये म्हणून अनमाउंट असतानाच त्या रिकाम्या फोल्डरला 'सीएचएटीटीआर +आय' लावून ठेवा. मग त्यात रूटलाही लिहिता येत नाही, आणि माउंट झाल्यावर त्याचा काही अडथळा होत नाही. क्लायंटवरच्या एफएसटॅबच्या (माउंटची यादी असलेली फाइल) ओळीत '_नेटडेव्ह' आणि 'एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट' हे दोन पर्याय घाला. फोल्डर पहिल्यांदा उघडताना माउंट होतं, त्यामुळे सर्व्हर उशिरा उठला तरी चालतं.

एक्सपोर्टची ओळ आणि एक जागा

सर्व्हरवरची '/ईटीसी/एक्सपोर्ट्स' ही फाइल लहान असते, पण तिच्यात एक सापळा आहे. बरोबर ओळ अशी:

/एसआरव्ही/काम १९२.१६८.१.०/२४(आरडब्ल्यू,सिंक,नो_सबट्री_चेक)

पत्ता आणि कंस यांच्यामध्ये चुकून एक स्पेस पडली, तर अर्थ पार बदलतो. तुमच्या नेटवर्कला डीफॉल्ट हक्क मिळतात, म्हणजे फक्त वाचणं, आणि कंसातला लिहिण्याचा हक्क मिळतो बाकी सगळ्या जगाला. ओळ डोळ्यांना ठीकच दिसते. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, 'एक्सपोर्टएफएस -व्ही' चालवा. सर्व्हर खरोखर कोणाला काय देतोय ते ही आज्ञा सगळ्या लपलेल्या डीफॉल्टसकट सांगते. फाइल बदलल्यावर 'एक्सपोर्टएफएस -आरए' चालवल्याशिवाय बदल लागू होत नाही.

यादीत एकेका मशीनचा पत्ता लिहिला असेल, तर वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाल्यावर त्याने नवे पत्ते वाटले का ते पाहा. काल १९२.१६८.१.१२ असलेलं मशीन आज १५ झालं की सर्व्हर त्याला ओळखत नाही. राउटरमध्ये पत्ते पक्के करा, किंवा वरच्यासारखी पूर्ण सबनेट (पत्त्यांचा सगळा पट्टा) लिहा.

आणखी दोन गोष्टी. यादीत कुठे 'एफएसआयडी=०' असेल, तर एनएफएसच्या आवृत्ती ४ मध्ये क्लायंटने मार्ग त्या फोल्डरपासून पुढे मोजायचा असतो; पूर्ण मार्ग दिला की 'नो सच फाइल' येतं. आणि क्लायंट व्हर्च्युअल मशीनमध्ये एनएटीमागे (मूळ मशीनच्या पत्त्याआड) असेल, तर त्याची विनंती १०२४ च्या वरच्या पोर्टवरून येते, जी सर्व्हर डीफॉल्टने नाकारतो. तेवढ्या क्लायंटपुरता 'इनसिक्युअर' पर्याय द्या, किंवा व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क ब्रिज्ड (थेट जोडलेलं) करा. मी दुसरं सुचवेन.

नाव एक, आकडा वेगळा

निम्म्याहून जास्त भानगडी इथे असतात. एनएफएसच्या साध्या पद्धतीत, म्हणजे कर्बेरॉस (ओळख पटवणारी वेगळी यंत्रणा) नसताना, क्लायंट सर्व्हरला यूझरचं नाव सांगतच नाही. तो फक्त यूआयडी (यूझरचा) आणि जीआयडी (गटाचा) हे आकडे पाठवतो आणि सर्व्हर त्यावर विश्वास ठेवतो.

आता घोळ कसा होतो बघा. उबंटू, डेबियन, फेडोरा यांत इन्स्टॉल करताना बनणाऱ्या पहिल्या यूझरला १००० मिळतो, दुसऱ्याला १००१. सर्व्हरवर आधी सविता बनली, मग बसू. बसूच्या टेबलावरच्या मशीनवर मात्र बसूच पहिला, म्हणजे तोही १०००. बसू आपल्या मशीनवरून लिहितो, आणि सर्व्हर ते सविताच्या नावावर टाकतो. बसूला सविताच्या खासगी फाइल उघडता येतात आणि सर्व्हरवरच्या स्वतःच्या फाइल मात्र येत नाहीत. यातलं पहिलं कधी एरर देत नाही, म्हणून महिनोन्महिने कोणाला कळतही नाही. जुन्या सेंटओएस ६ वर तर आकडे ५०० पासून सुरू होतात.

तपासायला दोन्ही मशीनवर 'आयडी बसू' चालवा, आणि फोल्डरमध्ये 'एलएस -एलएन'. त्यातला 'एन' महत्त्वाचा: नावांऐवजी आकडे दिसतात. नुसतं 'एलएस -एल' इथे दिशाभूल करतं.

दुरुस्ती करताना १००० आणि १००१ यांची अदलाबदल करायला जाऊ नका, मध्येच सगळं एकत्र कालवलं जातं. नवा पट्टा धरा: सविता १५०१, बसू १५०२, आणि हे सगळ्या मशीनवर. त्या यूझरने लॉगआउट केलेलं हवं आणि तुम्ही दुसऱ्या ॲडमिन खात्यात हवं. 'यूझरमॉड -यू १५०२ बसू' केलं की होम फोल्डरमधल्या त्याच्या फाइल आपोआप बदलतात. बाहेरच्या बदलत नाहीत. गटासाठी 'ग्रुपमॉड -जी १५०२ बसू' वेगळं करावं लागतं, आणि ते कोणत्याही फाइलला हात लावत नाही. म्हणून उरलेल्यांसाठी सर्व्हरवर:

फाइंड /एसआरव्ही/काम -एक्सडेव्ह -यूआयडी १००१ -एक्झेक सीएचओन -एच १५०२ {} +

गटासाठी हीच आज्ञा, फक्त '-यूआयडी' ऐवजी '-जीआयडी' आणि सीएचओनऐवजी सीएचजीआरपी. एक लक्षात घ्या: १००० या आकड्याखाली सविता आणि बसू दोघांच्या फाइल एकत्र झाल्या असतील, तर त्या वेगळ्या करणारी कोणतीही आज्ञा नाही. फोल्डर किंवा तारखेवरून माणसानेच निवडायच्या.

फाइलींचा मालक 'नोबडी' दिसत असेल तर लोक 'आयडीमॅपडी.कॉन्फ' या नाव-आकडा जुळवणीच्या फाइलमधलं डोमेन दोन्हीकडे सारखं करतात आणि 'एनएफएसआयडीमॅप -सी' ने कॅशे साफ करतात. करावंच. पण त्याने दिसणारं नाव सुधारतं. लिहायची परवानगी आकड्यावरूनच ठरते, म्हणून नाव बरोबर दिसूनही फाइल सेव्ह न होणं शक्य आहे.

दोष एनएफएसचा की फोल्डरचा, हे ठरवायला सर्व्हरवरच 'सुडो -यू बसू टच /एसआरव्ही/काम/चाचणी' चालवा. तिथेच नकार आला तर नेटवर्कला बोल लावू नका.

गटाचं फोल्डर

सगळ्यांनी एकमेकांच्या फाइल दुरुस्त करायच्या असतील तर 'छपाई' नावाचा गट करा (खरं नाव इंग्रजी अक्षरांतच ठेवा), जीआयडी सगळीकडे २०००. फोल्डर त्या गटाचं करा आणि फोल्डरांना २७७५, फाइलींना ६६४ द्या. सुरुवातीच्या २ मुळे आतली नवी फाइल आपोआप त्याच गटाची होते. पण गटाला लिहिता येईलच असं नाही, ते उमास्क (नव्या फाइलवरून कोणते हक्क काढायचे ती सेटिंग) ठरवतो; तो ००२ हवा. प्रत्येक मशीनवर उमास्क सांभाळण्यापेक्षा सर्व्हरवर 'सेटएफएसीएल' ने डीफॉल्ट एसीएल (आतल्या नव्या फाइलींना मिळणाऱ्या हक्कांची यादी) लावा. मात्र माउंट ४.२ आवृत्तीचं आहे याची खात्री करा, जुन्या आवृत्तीत क्लायंटचा उमास्क आड येतो.

गटात नव्याने घातलेल्या माणसाने लॉगआउट करून परत लॉगिन करायलाच हवं. 'आयडी बसू' नवा गट लगेच दाखवतं, कारण ते यादी वाचतं. नुसतं 'आयडी' चालू सत्राचे खरे गट दाखवतं. माणूस सोळापेक्षा जास्त गटांत असेल तर पुढचे गट सर्व्हरपर्यंत पोचतच नाहीत. तेव्हा सर्व्हरच्या 'एनएफएस.कॉन्फ'मध्ये माउंटडी विभागात 'मॅनेज-जीआयडीज=वाय' करा, म्हणजे सर्व्हर गट स्वतः शोधतो.

फाइल ६६४ आहे, तरी लिब्रेऑफिस ती फक्त वाचायला उघडतं? फोल्डर तपासा. ते शेजारी एक लॉक फाइल बनवतं, त्यासाठी फोल्डरमध्ये लिहिता यावं लागतं. आपल्याकडे याचं एक वेगळंच रूप दिसतं. फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइटची असते आणि यूनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरी किंवा कन्नडचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात, म्हणजे नुसता 'पत्रिका' हा शब्द २१ बाइट. वधू-वरांची नावं दोन्ही लिपींत लिहून केलेलं नाव सहज २५० पर्यंत जातं. फाइल कॉपी होते, पण लॉक फाइलच्या नावाला आणखी ८ बाइट लागतात, ते मावत नाहीत. इथे हक्क हजारदा बदला, फरक पडणार नाही. नाव लहान करा.

सुडो का चालत नाही

क्लायंटवरचा रूट सर्व्हरवर पोचताना ६५५३४ होतो, म्हणजे कोणीच नाही. म्हणून सुडोने कॉपी केलेलंही नाकारलं जातं, आणि रूटच्या क्रॉनमधला (ठरल्या वेळी आपोआप चालणारा) बॅकअप ७०० च्या, म्हणजे फक्त मालकापुरत्या, फोल्डरवर अडतो. 'नो_रूट_स्क्वॅश' लावून टाकायचा मोह आवरा. त्याने कोणत्याही टेबलावरचा रूट सर्व्हरच्या त्या फाइलींचा मालक होतो. बॅकअप सर्व्हरवरच चालवा.

उलट, माणसं येती-जाती असलेल्या छोट्या दुकानाला आकड्यांची शिस्त जमत नसेल, तर सरळ 'ऑल_स्क्वॅश,अनॉनयूआयडी=१५००,अनॉनजीआयडी=२०००' द्या आणि फोल्डर १५०० च्या मालकीचं करा. मग कोणीही, कुठूनही लिहिलं तरी मालक एकच. फाइल कोणी बिघडवली हे मात्र नंतर कळणार नाही. तीन-चार टेबलांच्या दुकानाला हेच बरं. हिशेबाच्या किंवा पगाराच्या फोल्डरला मुळीच नाही.

उरलेलं थोडक्यात

फेडोरा किंवा रेड हॅटच्या क्लायंटवर यूझरला सगळं जमतं, पण वेब सर्व्हरला फाइल वाचता येत नाही, तेव्हा एसईलिनक्स (लिनक्समधला सुरक्षेचा जादा पहारा) आडवं आलेलं असतं. 'एयूसर्च -एम एव्हीसी' मध्ये नोंद दिसेल. 'सेटसीबूल -पी एचटीटीपीडी_यूझ_एनएफएस ऑन' करा. संपूर्ण एसईलिनक्स बंद करण्याची गरज नाही.

सर्व्हरवर विंडोजसाठी फॉरमॅट केलेली यूएसबी डिस्क शेअर करत असाल, तर तिच्यावर सीएचमॉडचा काही परिणाम होत नाही. डेटा ईएक्सटी४ या लिनक्सच्या फॉरमॅटवर हलवा.

एनएफएसऐवजी सांबा (विंडोजच्या पद्धतीने फोल्डर शेअर करणारा प्रोग्रॅम) वापरत असाल, तर 'माउंट एरर १३' बहुधा पासवर्डचा असतो: लिनक्सचा पासवर्ड सांबाला चालत नाही, 'एसएमबीपासडब्ल्यूडी -ए' ने वेगळा द्यावा लागतो. क्लायंटवर माउंट करताना 'यूआयडी=' आणि 'जीआयडी=' दिले नाहीत तर सगळ्या फाइली सहसा रूटच्या दिसतात. आणि 'टेस्टपार्म' चालवून 'रीड ओन्ली' ची किंमत 'नो' आहे का ते बघा. तिचं डीफॉल्ट 'येस' आहे.