शिंक आली की लघवी सुटते? हे करून बघा

हर्णैच्या बंदरावर माशांची पाटी उचलताना, साधं शिंकतानासुद्धा लघवी सुटते, हे बायका मला फिजिओथेरपीच्या टेबलावर बसल्यावरही कुजबुजतच सांगतात. बाळंतपणानंतर, पाळी गेल्यावर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. ते पुन्हा घट्ट करता येतात.

गुडघे दुमडून उताणं झोपा. वारा आणि लघवी दोन्ही एकदम रोखल्यासारखं आतून वर ओढा. पाच आकडे मोठ्याने मोजा, म्हणजे श्वास कोंडत नाही. मग सोडा, तेवढाच वेळ पूर्ण सैल राहा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा आकड्यांपर्यंत जा. ढुंगण आवळलं, मांड्या चिकटल्या तर चुकतंय. जमलं की बसून करा, सासूबाई समोर असल्या तरी कळत नाही!

लघवी मधेच थांबवून सराव नको, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

आणि पाटी उचलण्याआधी, शिंकेआधी क्षणभर आवळून धरा. माझ्या मते निम्मं काम इथेच होतं. तीन महिने तरी सोडू नका. पाणी पिणं कमी करू नका, चहा कमी करा. जळजळ, रक्त किंवा अंग बाहेर येतंय असं वाटलं तर आधी डॉक्टर गाठा.